धुतलेलं बियाणं

आमच्या आळीत भाताच्या बियाण्याला ऊब द्यायचं काम पोटुशी बाईचं असे.

आमचं गाव चौक या गावाहून आत, लोधिवलीच्या अंगाला. गावाखालची खलाटी, म्हणजे सखल शेतं, पाणथळ. तिथे राब भाजून रोप काढणं जमत नसे, म्हणून रहू पेरायचे. भात भिजवायचं, निथळायचं, पेंढ्यात दडपून वर दगड ठेवायचे आणि मोड फुटले की चिखलात फेकायचं. दडपलेलं भात मधूनमधून हाताने चाळवावं लागतं, नाहीतर मधलं उकडून मरतं आणि कडेचं गार राहतं. चाळवणारा हात पोटुशीचा हवा. जिच्या अंगात जीव वाढतोय तिच्या हाताखाली दाणा लवकर जागा होतो, असं आई म्हणायची.

पेरून झाल्यावर टोपलीत थोडं बियाणं उरायचंच. ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. वाळवायचं, भाजायचं, कांडायचं आणि गूळ घालून त्याची लापशी करायची. ती त्या बाईनेच खायची. शेतात गेलं ते शेताचं, उरलं ते तिच्या पोटातल्याचं.

लहानपणी मी एकदा लपून त्या ढिगात हात घातला होता. आत इतकी ऊब होती की मी हात झटकन मागे घेतला. कुणाच्या तरी काखेत हात गेल्यासारखं वाटलं होतं. खोलीत आंबूस वास असायचा, चिलटं घोंगावायची, पेंढ्यात उंदरांची खुडबुड चालायची. मुंग्यांची रांग दारापासून ढिगापर्यंत. बियाण्याची खोली म्हटलं की मला हे सगळं आठवतं.

मी मॅट्रिकची, म्हणजे तेव्हाच्या अकरावीची, परीक्षा दिली त्या वर्षी बियाण्याला चोळायची पूड आली. ग्रामसेवकांनी देवळापुढे सगळ्यांना बोलावलं. एका डब्यात भात आणि पूड घालून डबा गरागरा फिरवला. उघडला तर भात गुलाबी. लग्नातल्या अक्षतांसारखं दिसत होतं.

"हाताला लागलं तर साबणानं स्वच्छ धुवा हो," ग्रामसेवक म्हणाले. "विषारी आहे."

"इख हाय तं बियाणं मरंल की," माझा दादा म्हणाला.

"बियाणं नाही मरत. त्याच्यावरची बुरशी मरते."

"आनी मानूस?"

"माणूस कशाला बियाणं खाईल?"

यावर सगळे हसले. दादाही हसला. आपल्या घरी बियाणं खातात, हे त्या वेळी कोणाच्या मनात आलं नसावं. किंवा आलं असेल, पण लापशी म्हणजे बियाणं असं कोणाला वाटत नव्हतं. लापशी म्हणजे लापशी.

त्या वर्षी धाकट्या काकीला दिवस गेले होते. काकी म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. माझ्याहून थोडीच मोठी, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. ऊब द्यायची पाळी तिची. ती दुपारी जेवून यायची, ढिगाशी बसायची, कोपरापर्यंत हात आत घालायची. मी दारात पुस्तक वाचत बसायचे. एकदा पुस्तकातून मान वर केली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला वेळ लागला. खोलीत आवाज नव्हता. चिलटं नव्हती. उंदीर नव्हते. मुंग्यांची रांग उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथून भिंतीकडे वळून गेली होती. आंबूस वासही नव्हता. ढीग मात्र नेहमीसारखाच गरम होता.

आई खूश झाली. "बघ गं, किती निर्मळ! एक दाना कुजला नाय."

उरलेलं बियाणं काकीने विहिरीवर धुतलं. हाताचा रंग साबणाने जातो, तर दाण्याचा का जाणार नाही, असा सरळ हिशोब होता. रोवळीतून गुलाबी पाणी निघालं, मग फिकं झालं, मग पांढरं. पाणी पांढरं आलं म्हणजे औषध गेलं. लापशीला त्या दिवशी गुळाचा फार छान वास सुटला होता. मी मागितली तर आई म्हणाली, "तुझी येळ येऊ दे."

मी पनवेलला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. एका लांबच्या मावशीकडे राहायचे आणि सुटीला एस.टी.ने घरी यायचे. दिवाळीला आले तेव्हा काकीला मुलगा झालेला होता. आणि सगळी आळी त्याचं कौतुक करत होती, कारण तो रडत नव्हता.

"लई गुनी पोर," आई म्हणाली. "भूक लागली तरी गप पडून ऱ्हातंय."

आळीतल्या म्हाताऱ्या बायका गमतीने म्हणायच्या, "याला देवानं तोंड दिलंय का नाय गं?"

"दिलंय की," काकी म्हणायची. "दूध पितंय. तुमच्यासारखं दिसभर चालवत नाय एवढंच."

शिमग्याला आले तेव्हा मी त्याला मांडीवर घेतलं. ओल्या धडप्यासारखं जड लागलं. मान मी जिकडे सोडेन तिकडे जात होती. डोळे उघडे होते, मोठे, काळेभोर. मी त्याच्या तोंडापुढे बांगड्या हलवल्या. तो माझ्या खांद्यावरून वर आढ्याकडे बघत होता. मी वळून वर पाहिलं. तिथे काही नव्हतं. परत खाली पाहिलं तर तो अजून तिथेच बघत होता.

"हसतो का गं?" मी विचारलं.

"हसंल की," काकी म्हणाली, आणि फार लवकर त्याला माझ्याकडून परत घेतलं.

ती त्याला ओसरीत गोधडीवर ठेवून कामाला जायची. येणारे-जाणारे त्याच्याजवळून जाताना हळू बोलायचे, पाय हळू टाकायचे. मूल झोपलेलं असतं तेव्हा माणसं असं करतात. पण ते जागं असायचं.

कॉलेजात त्या सुमारास आम्हाला बुरशीचा धडा होता. प्रॅक्टिकलला पावाचा तुकडा ओला करून काचेच्या झाकणाखाली ठेवायचा आणि काय उगवतं ते रोज बघायचं. बियाण्याच्या पुडीबद्दल सरांनी दोन वाक्यं सांगितली. तास संपल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. मी वर्गात कधी बोलत नसे, त्यामुळे त्यांनाही नवल वाटलं.

"सर, ती पूड धुतली की जाते का?"

"रंग जाईल. रंग वेगळा घातलेला असतो, ओळखू यावं म्हणून. औषध गेलं की नाही ते नुसतं बघून कसं सांगणार? पाऱ्याचं असतं ते."

"आणि ते पोटात गेलं तर? बाईच्या... म्हणजे, तिच्या पोटात बाळ असेल तर?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "आपल्या पुस्तकात ते नाही. का विचारतेस?"

उत्तर द्यायचं म्हणजे काकीचं नाव घ्यायचं. मी "असंच" म्हणाले आणि बाहेर आले.

वैशाखात घरी आले तर माझ्या वहिनीला दिवस गेले होते. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. वहिनीने किती उपास केले होते आणि किती ठिकाणी ओटी भरली होती, ते मला ठाऊक होतं. आता सगळं घर तिच्याभोवती काठोकाठ भरलेली वाटी धरल्यासारखं जपून वागत होतं. आणि यंदा ढिगाशी बसायची पाळी अर्थातच तिची होती.

ज्येष्ठात दादाने बियाण्याला पूड चोळली, भात भिजवलं, पेंढ्यात दडपलं. मी खोलीत गेले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात. अर्धवट डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती. खोलीत आवाज तेवढाच.

"वन्सं, या. हात घालून बघा, कसं जित्यासारखं गरम लागतंय."

"वयनी, हात काढ ना बाहेर."

"का हो? अजून मधलं जागं झालं नाय." तिने हात काढले. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांतल्या रेघा, सगळं गुलाबी. मेंदी उतरत आल्यासारखं. तोच हात तिने पोटावर ठेवला. "माझ्या भनीचं पोर रातंदिस बोंबलायचं. मला बाई काकींच्या पोरासारखं गुनी पोर होऊ दे."

ढिगाची वाफ अंगावर येत होती.

"काकीचं बाळ गुणी नाही, वयनी," मी म्हणाले. "ते..."

भिंतीपलीकडे काकी भांडी घासत होती. राखेचा खसखस आवाज ऐकू येत होता. म्हणजे माझाही तिला ऐकू जाणार. मी थांबले.

मग मी आईला गाठलं. आई परसात लाकडं रचत होती. मी जे जमलं ते सांगितलं: रंग आणि औषध वेगळं, पारा, सरांना माहीत नाही, मलाही माहीत नाही, पण यंदा वहिनीने हात घालू नये आणि लापशी तरी खाऊ नये.

"तुला म्हाईत नाय, तुझ्या मास्तराला म्हाईत नाय, मग म्हाईत हाय कुनाला?" आई म्हणाली. तिचा राग खरा नव्हता. तिने माझ्याकडे न बघता एक लाकूड उचललं, परत ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "आनी समज, तुझं खरं हाय. मग हिला खाऊ नको म्हनायचं म्हंजे तुझ्या काकीला काय सांगायचं? तूच तुझ्या हातानं खाल्लंस, म्हनून? जा. तू सांग जा."

आईने माझ्याआधीच हे सगळं ओळखलं असावं, असं मला तेव्हा वाटलं. तिला कळत होतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं.

पेरणी झाली. पेंढ्याखालून काढलेलं पायलीभर बियाणं टोपलीत उरलं. आईने ते स्वतः धुतलं. रोवळी हलवून, पाणी बदलून, पार पांढरं पाणी येईपर्यंत धुतलं. माझ्यासाठीच धुतलं असणार. पाऊस लागलेला असल्यामुळे ते चुलीवरच्या माळ्यावर वाळत घातलं. वाळायला दिवस लागणार होते.

मला ते दिवस मिळाले. मी आईकडे दोन मुठी भात मागितलं. एक मूठ कणगीतलं, खायचं. एक मूठ ते धुतलेलं. दोन वाडग्यांत ठेवलं, दोन्ही ओली केली, वर ओलं फडकं टाकलं आणि फडताळात शेजारी शेजारी ठेवली.

"ह्यो काय खेळ?" आई म्हणाली.

"पाणी सांगत नाही आई. बुरशीला विचारते."

पावसाळ्यात आमच्या घरात चपलेला बुरशी येते, देवाच्या पाटाला येते, टांगलेल्या छत्रीला येते. कणगीतल्या भातावर लवकरच पांढरा कापूस धरला. मग त्यावर हिरवं-काळं आलं, कुबट वास यायला लागला. दुसऱ्या वाडग्यात काहीच झालं नाही. दाणे ओले, चकचकीत, आत्ताच भिजवल्यासारखे. त्यांचे इवलेसे मोड तसेच पांढरे. एका वाडग्यातलं सडत होतं आणि बोटभर अंतरावर दुसऱ्यात वेळच गेला नव्हता. सकाळी फडकं उचलताना मला सडलेल्याची भीती वाटत नसे. त्या स्वच्छ वाडग्याची वाटायची.

आईने एकदा तो वाडगा नाकाशी नेला. परत ठेवला. "वासच नाय," ती म्हणाली. मग चुलीकडे तोंड करून, "जिथं बुरशीबी बसत नाय..." एवढंच बोलली.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं. "म्हंजे वन्सं?"

मी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात काकी आत आली. खांद्यावर बाळ, हातात फुटकं खापर. "अक्का, इस्तू द्या जरा. आमची चूल इझली." मग वाडगे दिसले. "ह्ये काय मांडलंय गं कॉलेजवाली? आता बुरशीचं लोनचं घालनार का?"

आईने सूप ओढून वाडग्यांवर टाकायला घेतलं. पण ते टाकायची घाई इतकी दिसली की काकीने तिचा हात धरला.

"बघू दे की अक्का. ह्ये कशाचं?"

"कणगीतलं," मी म्हणाले.

"आनी ह्ये?"

"ते धुतलेलं. बियाण्यातलं."

"एकाच दिशी ठेवलंस?"

"हो."

तिने खापर खाली ठेवलं. स्वच्छ वाडग्यातला एक दाणा उचलून बोटांत चोळला. वास घेतला. बाळ तिच्या खांद्यावर डोकं टाकून आमच्या मागच्या भिंतीकडे बघत होतं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"चांगलं धुतलं होतं?" तिने विचारलं.

"पांढरं पानी येस्तवर," आई म्हणाली.

"मीबी तसंच धुतलं होतं," काकी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

मला काहीतरी बोलायचं होतं. मला नक्की माहीत नाही, पुस्तकात नाही, दुसरंही कारण असेल. हे सगळं खरं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून बोलायला धीर झाला नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती वहिनीकडे बघत होती, तिच्या नखांकडे.

"सूनबाई, लापशी खाल्लीस?"

"नाय काकी. वाळतंय अजून."

"खाऊ नको."

एवढं बोलून ती वळली आणि गेली. विस्तव न्यायचा राहिला. खापर आमच्याच चुलीपुढे पडून होतं. मग आईने त्यात निखारे घातले आणि स्वतः नेऊन दिले. आई तिच्याकडे बराच वेळ होती. भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी दादाने माळ्यावरची टोपली काढली आणि विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला खड्डा करून बियाणं पुरलं. शेत रुसू नये म्हणून आईने वर हळदकुंकू वाहिलं. ते बियाणं उगवलं. एवढ्या दाटीत रोप नेहमी पिवळं पडतं, कुजतं. हे काळपट हिरवं, सरळ, एकाही पानावर ठिपका नाही, असं वर आलं. आईने ते बघितलं आणि दादाला उपटून जाळायला लावलं.

पण वहिनीचे हात ढिगात जाऊन आले होते, ते काही परत घेता येणार नव्हतं. तिने राखेने, चिंचेने, दगडाने हात घासले. नखांच्या कडेचा रंग शेवटी नखाबरोबर वाढून गेला. ती गुणगुणायची थांबली. मी सुटीला आले की मला जवळ बसवायची.

"वन्सं, मी खाल्लं नाय. नुसते हात घातले. हातातून जातं का हो आत?"

"मला माहीत नाही, वयनी."

"तुमी शिकलेल्या, तरी?"

"तरी."

मग ती माझा हात ओढून पोटावर ठेवायची. "हालतंय बघा. हालतंय ना?" हलत असायचं. तरी ती परत विचारायची. कधी मुद्दाम पोटाला बोटाने टोचायची, आणि आतून लाथ आली की डोळे मिटून बसायची.

काकीच्या बाळाचं कारण ती पूडच होती का, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. तो पुढे चालला नाही, बोलला नाही. त्याला दाखवलं त्या डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही त्यांना लापशीचं सांगितलं नाही. तसल्या बियाण्याचं अन्न खाल्लेल्या आयांच्या पोटी अशी मुलं होतात, हे मी छापलेलं वाचलं ते खूप नंतर. त्या काळात आमच्याकडे खात्रीचं म्हणून एकच होतं, ते फडताळात ठेवलेलं. आणि तेही लापशीबद्दलच सांगत होतं. हातांबद्दल नाही.

वहिनी बाळंतपणाला कर्जतजवळ माहेरी गेली. मुलगी झाल्याचा निरोप आला. बाई सुखरूप, मूल सुखरूप, एवढाच. रडते का, हे विचारायला कोणी गेलं नाही. निरोप आणणाऱ्याला असं कसं विचारणार?

थंडी सरता सरता दादा त्यांना घेऊन आला. मी त्या दिवशी मुद्दाम कॉलेज बुडवून घरी आले होते. आम्ही ओसरीत उभ्या होतो. ती तिघं अजून वळणाआड असतानाच आवाज आला. किरटा, रागावलेला, श्वास अडकेपर्यंत लांबवलेला. दादा घाम पुसत पुढे आला आणि म्हणाला, "फाट्यावरनं चालू हाय. कान किटले माझे." आई पदराने डोळे पुसत हसली आणि भाकरतुकडा ओवाळायला विसरली.

काकी तिच्या ओसरीतून उठून आली. मुलाला गोधडीवर ठेवून आली होती. वहिनीपुढे तिने हात पसरले. वहिनी थबकली. तिने लेकीला छातीशी थोडं आवळलं. आम्हा सगळ्यांना ते दिसलं, काकीलाही दिसलं. तिने हात मागे घेतले नाहीत. मग वहिनीने पोर तिच्या हातांत दिलं.

पोर आणखीनच किंचाळायला लागलं. लाल झालं, मुठी आवळल्या, पाय झाडले. आई पुढे झाली. "आण इकडं, भूक लागली आसंल. गप गं बाय, गप."

काकी आमच्याकडे पाठ करून अंगणात सरकली. तिने त्या मुलीचं तोंड आपल्या कानाशी धरलं होतं.

"नको अक्का," ती म्हणाली. "रडू दे. रडू दे तिला."